डाव्या हाताचं काज

मास्टर माणसाच्या तोंडाकडे कधी पाहत नसत. शर्टाच्या बटणांकडे पाहत. मुलचेऱ्याकडचं माझं गाव सोडून मी चंद्रपुरात शाळामास्तर म्हणून रुजू झालो आणि खोली शोधत त्यांच्या शिलाईच्या दुकानापुढे उभा राहिलो. नाव, गाव, शाळा सगळं सांगून झालं. ते माझ्या छातीकडे बघत म्हणाले, "तिसरं काज उसवलं हाय, गुरुजी. काढा शर्ट." खोली मिळायच्या आधी माझा शर्ट दुरुस्त झाला. मग दुकानाच्या माडीवर मी चार वर्षं राहिलो.

शिंप्याला आमच्याकडे मास्टरच म्हणतात, त्यामुळे त्यांचं खरं नाव गल्लीतही फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. जंगलातल्या गार्डांचे खाकी कपडे ते शिवत. बायको वारलेली. एकुलता एक मुलगा सलीम, तो घर सोडून गेलेला. माझा बाप मी पाळण्यात असतानाच गेला होता. संध्याकाळी शाळेतून आलो की मास्टर मशीन थांबवून विचारत, "जेवले का नाई?" आणि मी जेवलो असलो तरी नाही म्हणत असे.

सलीम डावखुरा होता. त्याने डाव्या हातात सुई धरली की मास्टर फूटपट्टी मारत. लहानपणी तर तो हात सुतळीने खुर्चीला बांधून ठेवत. हे मला त्यांनीच सांगितलं, नजर शिवणीवरून न काढता. पोरगा वीस वर्षांचा झाल्यावर एकदा गिऱ्हाइकांसमोर त्याच हातावर पट्टी बसली आणि त्या संध्याकाळी तो निघून गेला. दीड वर्षाने एक कार्ड आलं. 'मी खुशाल आहे. दुकानातून समुद्र दिसते.' बस्स, पत्ता नाही. टपालाचा शिक्का फिसकटलेला, त्यातली दोन अक्षरं तेवढी तेलुगू आहेत असं एका सिरोंच्याच्या माणसाने सांगितलं.

एवढ्या भांडवलावर मास्टरांनी समुद्र धुंडाळायचं ठरवलं. गार्डांच्या कपड्यांतून उरलेल्या खाकीच्या दोन पिशव्या त्यांनी शिवल्या, पाठीवर अडकवायला दोन-दोन पट्टे लावून. एक त्यांना, एक मला. "हात मोकळे पाह्यजेत, गुरुजी. पोट्टा दिसला तं धराले कामी येतीन." मला उन्हाळ्याची सुट्टी होती आणि स्टेशनांची नावं वाचता येत होती. बल्लारशाहून मद्रासच्या गाडीने बेजवाड्याला, म्हणजे आताच्या विजयवाड्याला, जायचं आणि तिथून किनाऱ्याच्या बाजूने पॅसेंजरने एकेक स्टेशन करत सरकायचं, असा आमचा बेत. असे तीन मे महिने आम्ही हिंडलो.

त्या प्रवासाची काय वाट लागायची ते विचारू नका. पहिल्या वर्षी बेजवाड्याला भलत्याच पॅसेंजरमध्ये बसलो आणि समुद्राकडे पाठ करून अर्धा दिवस गेलो. दुसऱ्या वर्षी माझी एक चप्पल रुळांत पडली. खाकी पिशव्या पाहून लोक आम्हाला फॉरेस्टवाले समजत आणि डब्यातल्या लाकडाच्या मोळ्या बाकाखाली ढकलत. समुद्र पहिल्यांदा दिसला तेव्हा मी, गावच्या बोडीपलीकडे, त्या एवढ्याशा तळ्यापलीकडे, पाणी न पाहिलेला माणूस, तोंड उघडं ठेवून उभा राहिलो. मास्टरांना त्याचं काडीचं कौतुक नव्हतं. "एवढं पानी, अन् धानाची एक बांदी भिजत नाई," म्हणाले आणि गावातल्या शिंप्यांची चौकशी करायला निघाले.

शोधायची त्यांची रीत वेगळीच होती. सलीम काजं हाताने करी, आणि डाव्या हातामुळे त्याचे टाके उलट्या बाजूने फिरत. "आंधळा झालो तरी बोटानं सांगीन," मास्टर म्हणत. म्हणून गाडीत, बाजारात, हॉटेलात ते परक्या माणसांच्या छातीवर डोळे रोखून बसत. एकदा एका पैलवान गड्याने उठून त्यांची कॉलर धरली. मास्टर त्याच्या बटणपट्टीला बोट लावून मला म्हणाले, "मशीनचं हाय. आपलं नाई." मी हात जोडून त्या गड्याची समजूत काढली. त्या दिवशी मी त्यांना विचारलंच, मारल्याचा पस्तावा होतो का. ते म्हणाले, "मारूनसुदा तो हात सुधरला नाई, हे बरं झालं, गुरुजी. सुधरला असता तं मी त्याले कायच्यानं ओळखलं असतं?"

तिसऱ्या वर्षी ते थकले होते. ऊन सोसवत नव्हतं. "या खेपेस नाई भेटला तं मेला समजून घरी बसतो," असं त्यांनी निघतानाच सांगितलं होतं. एका लहानशा स्टेशनावर आम्ही नळावर पाणी प्यायला उतरलो आणि गाडी हलली. दारातले लोक हात हलवून ओरडू लागले, "रा! रा!" मी पळायला लागलो तर मास्टरांनी माझा दंड धरला. "थांबा ना! रा म्हनून राह्यले ते. उभी करतेत वाट्टे गाडी." आमच्याकडे 'रा' म्हणजे राहा, थांब. आम्ही दोघं शहाण्यासारखे थांबलो आणि गाडी डोळ्यांदेखत निघून गेली. हमालाने कपाळावर हात मारून हिंदीत समजावलं की तेलुगूत 'रा' म्हणजे ये. पुढची गाडी संध्याकाळी होती.

मी चिडलो होतो. मास्टर गावातल्या एका लिंबू-सोड्याच्या गाडीजवळ सावलीत टेकले, डोक्यावर ओला रुमाल टाकून, डोळे मिटून. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी कुणाच्या बटणांकडे पाहिलं नाही. पाहिलं ते मी. सोडावाला बाटली फोडायला वाकला आणि त्याच्या शर्टाचं काज मला दिसलं. टाके उलटे फिरलेले होते. "मास्टर," मी म्हणालो, "जरा बोट लावून पाहता का?"

त्यांनी डोळे न उघडता बोट लावलं. मग डोळे उघडून ते काज चिमटीत धरलं आणि विचारलं, "हे कोनं केलं?" सोडावाल्याने हनुवटीने रस्त्याच्या टोकाकडे दाखवलं. तिथे पत्र्याचं दुकान होतं आणि त्यामागे समुद्र. मशीनजवळ बसलेल्या तरुणाने आम्हाला पाहिलं, तो ताडकन उभा राहिला आणि त्याने सुई धरलेला डावा हात पाठीमागे नेला.

"लपवू नको," मास्टर म्हणाले. "हातातलं काम पुरं कर."

सलीम खाली बसला. मास्टर समोरच्या बाकावर बसले आणि ते काज पूर्ण होईपर्यंत त्याच्या हाताकडे पाहत राहिले. मग सलीमच म्हणाला, "अब्बा, ऊन लागलं तुमाले. पानी पेता?" दोघं रडायला लागले तेव्हा मी बाहेर जाऊन समुद्र पाहिला.

सलीम चंद्रपूरला परतला नाही; तिथे त्याचं लग्न ठरलं होतं. म्हणून वर्षभरात मास्टरांनीच दुकान बंद केलं आणि ते लेकाकडे राहायला निघाले. बल्लारशाच्या फलाटावर पोचवायला मी एकटाच होतो. "लगन करा, गुरुजी. माडीवर एकटा मानूस वाळून जाते," ते म्हणाले. गाडी सुटली आणि मी तिशीतला बाप्या फलाटावर पोरासारखा रडलो.

पाच-सहा वर्षांनी सलीमचं पत्र आलं. अब्बा गेले. शेवटपर्यंत दुकानात बसत आणि येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत, आमच्या गुरुजींनी माझा पोरगा शोधून दिला.

दिला खरा. बाप म्हणावा असं एकच माणूस मला लाभलं होतं, ते मी माझ्या हाताने त्याच्या लेकाच्या स्वाधीन केलं. याचं मला समाधान आहे, आणि खोटं कशाला बोलू, दुःखही आहे. पुन्हा ती दुपार आली तर त्या सोडावाल्याचा शर्ट मी मास्टरांना पुन्हा दाखवीन. फक्त एखादं वर्ष उशिरा.