काचेवरची रेघ

पडेगावच्या आमच्या फ्लॅटमध्ये समुद्रातले दोन मासे राहतात. समुद्र इथून कुठल्या कुठे, पण हौसेला मोल नसतं. निवृत्त झाल्यावर माणसं देवदर्शनाला जातात, ह्यांनी खाऱ्या पाण्याची काचपेटी मांडली. दिवसभर तिच्यासमोर बसलेले असायचे, म्हणून मी तिला सवत म्हणायची. ह्यांना जाऊन आता वर्ष होत आलं आणि सवतीचं सगळं मीच करते. पुण्याची मुलगी म्हणते, आई, मासे कुणाला तरी देऊन टाक. मी म्हणते, बघू. माझं बघू म्हणजे नाही, हे तिला लहानपणापासून ठाऊक आहे.

खरं काम माशांचं नसतंच. ते वर दिमाखात फिरतात, घाण सगळी खालच्या कपाटातल्या टाकीत. हे तिला सम्प म्हणायचे. वरच्या पेटीतलं पाणी पाइपातून त्या टाकीत उतरतं, पिशवीतून गाळलं जातं, मळ फेसाबरोबर वेगळा निघतो आणि मोटर ते पाणी पुन्हा वर चढवते. टाकी साफ करायची म्हणजे गुडघे टेकून कपाटात डोकं घालायचं. पिशवी चोळायची, फेसाची वाटी धुवायची, तळाचा गाळ नळीनं ओढून काढायचा. हात कितीही धुतले तरी जेवताना बोटांना सुकटीसारखा वास येतो. जेवायला मी एकटीच असते, म्हणून चालतं.

त्या टाकीच्या काचेवर ह्यांनी काळ्या मार्करनं एक आडवी रेघ मारली होती, काठापासून वीतभर खाली. रेघेखाली लिहिलं होतं, ‘याच्या वर नको’. का नको, ते मी कधी विचारलं नाही. वर्षभर मी रेघेपर्यंतच पाणी भरत आले. खरं सांगायचं तर रेघेपेक्षा त्या अक्षराकडेच जास्त बघायची.

एप्रिलमधला शुक्रवार होता. आदल्या दिवशी आठवड्यानं नळाला पाणी आलं होतं, म्हणून टाकी साफ करायला काढली. काचेवर मिठाचे थर चढले होते, ते निघेनात. मला अर्धवट काम चालत नाही. व्हिनेगर ओतलं आणि घासणीनं खसाखसा घासलं. काच लख्ख झाली तेव्हा लक्षात आलं, रेघ गेली होती. अक्षरही गेलं होतं. टाकीत हात तसाच ठेवून मी रडले.

मग पाणी भरायला घेतलं. या शहरात पाणी आल्यावर कुणी भांडं अर्धं ठेवत नाही. पिंप, बादल्या, कळश्या, झालंच तर कुकरसुद्धा काठोकाठ भरतो आम्ही. रिकामी जागा दिसली की जीव कासावीस होतो. मीठ कालवून ठेवलेलं पाणी मी त्या टाकीत ओतलं, मोटर सुरू केली, खालचं पाणी उतरलं तशी टाकी पुन्हा अगदी काठाला लावून भरली, आणि चला, चार दिवसांची निश्चिंती झाली म्हणून आडवी झाले.

दुपारी वीज गेली. मोटर थांबली, वरच्या पेटीतलं पाणी खाली उतरू लागलं आणि खाली त्याला जागाच नव्हती. मला गाढ झोप लागली होती.

जागी झाले ती दार बडवल्याच्या आवाजानं. पाय खाली टाकला तर फरशीवर पाणीच पाणी. दारात खालच्या मजल्यावरची बाई उभी होती. मुलांच्या शाळेसाठी देवगाव रंगारीहून इथं राहायला आलेली. आमचं बोलणं आतापर्यंत एकदाच झालेलं, तेही माझ्या ओल्या साड्यांचं पाणी तिच्या पापडांवर गळलं म्हणून. तेव्हा आता ही भांडणार, असं धरून मीच आवाज चढवला. म्हटलं, छताचं काय झालं असेल ते करून देईन.

ती म्हणाली, “छताचं मरू द्या, काकू. लई येळ दार वाजवलं. मला वाटलं, तुम्ही पडल्याबिडल्या का काय. कुणी हाय का नाय तुमच्यापाशी?”

मी नाही म्हटलं आणि दार पूर्ण उघडलं.

तिनं पदर खोचला आणि फरशी पुसायला घेतली. टाकी अजून काठावरून गळतच होती, म्हणून मी तिच्यातलं पाणी उपसून मोरीत ओतलं. वीज आली तशी मोटर कोरडीच घरघरली, ती मी बंद केली. मासे कोपऱ्यात वर तोंड करून धापा टाकत होते. हे गेले, आता हेही गेले तर या घरात मी कुणाचं करू? उरलेलं मीठ कालवलं, तिनं बादल्या उचलून दिल्या. ह्यावेळी मोटर बंद ठेवूनच खालची टाकी भरली, काठाला दोन बोटं सोडून. मग मोटर लावली. पाणी वर चढू लागलं, खालचं उतरत गेलं आणि थांबलं. काठापासून बरोबर वीतभर खाली. मासे हळूहळू कोपरा सोडून फिरू लागले.

ह्यांना रेघ कधीच लागत नव्हती, नजरेनंच भरायचे. ती रेघ मारली हॉस्पिटलातून शेवटचे घरी आले त्या दिवशी. भिंतीला धरून बसले, मार्कर मागितला आणि मला म्हणाले, “जरा इकडे ये, हे बघून ठेव.”

मी कणीक मळत होते. म्हटलं, “तुमचं तुम्ही बघा, मला कशाला?”

ड्रॉवरमध्ये तोच मार्कर होता. मी रेघ मारली, जराशी तिरकी आली. खाली लिहिलं, ‘याच्या वर नको’. मग त्या बाईंना म्हटलं, “जरा इकडे या, हे बघून ठेवा.”

त्यांनी हातातलं फडकं खाली ठेवलं, माझ्याशेजारी गुडघे टेकून बसल्या आणि कपाटात डोकं घालून बघितलं.