बेटांच्या कागदांची रुजुवात

‘रुजुवात’ हा शब्द आता तलाठ्याच्या दफ्तराबाहेर फारसा ऐकू येत नाही. मूळ कागद आणि त्याची नक्कल समोरासमोर ठेवायची, एकाने मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने ओळ न् ओळ ताडून पाहायची आणि मग दोघांनी खाली सही करायची, ही रुजुवात. तिला नुसते ‘तपासणी’ म्हणून भागत नाही. तपासणी एकटाही करू शकतो. रुजुवातीला दोन माणसे लागतात. आणि जिथे दोन माणसे रोज आठ तास एकमेकांना कागद वाचून दाखवतात, तिथे किस्से साचणारच. धूळ निदान पुसता तरी येते!

कुवेतमधल्या हवल्लीत एका औषधांच्या दुकानावर, तिसऱ्या मजल्यावर आमची कचेरी आहे. एका खासगी संग्रहासाठी आम्ही इंग्रजी अमदानीतल्या पत्रव्यवहाराच्या नकला करतो. विषय दोनच: आखातातली बेटे कोणाची, आणि वाळूखालच्या तेलाचा मक्ता कोणाला. (मक्ता, ‘सवलत’ नव्हे. सवलत तिकिटावर मिळते.)

आमचे मालक अबू नासर, सत्तरी उलटलेले कुवेती गृहस्थ. त्यांचे वडील गलबतातून मुंबईला खजूर नेत, त्यामुळे यांची हिंदी थेट मुंबईच्या धक्क्यावरची. अरबी कागद दाऊदभाई पाहत. ते दाभोळचे. नांदेडची विद्या स्कॅनर सांभाळते. मी पुण्याचा, इंग्रजी नकला आणि इतरांच्या चुका माझ्या वाट्याला.

दाऊदभाईंचा या कागदांशी पगारापलीकडचा संबंध होता. त्यांचे आजोबा इब्राहिम मुंबईहून इथल्या इंग्रज एजंटाच्या कचेरीत कारकून म्हणून आले आणि इथेच वारले, असे घरचे सांगत. गावाला ते मान्य नव्हते. गावाच्या मते इब्राहिम कारकून वगैरे कधी नव्हताच. बायको आणि तान्हे पोर टाकून तो पळाला. घरात ना त्याची चिठ्ठी, ना कसला कागद. ते तान्हे पोर, म्हणजे दाऊदभाईंचे वडील, ‘पळपुट्याचा मुलगा’ हे ऐकत ऐकत नव्वदीला टेकले.

ईदनंतर दाऊदभाई कायमचे गावी जायचे होते. “एक सही गावली तर बरं, सर,” ते प्रत्येक नवी फाईल उघडताना म्हणत. “अब्बा हायेत तवर.”

*

एकदा कुवेतच्या शेखांनी इंग्रज एजंटाला लिहिलेले पत्र आले. मक्त्याचा प्रश्न ऐन रंगात आलेला, आणि पत्रात दोन पाने केवळ दुवा आणि क्षेमकुशल! मी म्हणालो, “दाऊदभाई, पुनरुक्ती गाळा. मुद्द्याचे तेवढे घ्या.”

“मुद्दा दिसत नाय, सर. नुसतीच तब्येत विचारलीय.”

अबू नासर यांनी कागद ओढून घेतला, वाचला आणि ते हसले. “पूरा जवाब तो है! साहब ने मक्ता माँगा. शेख ने दो बार पूछा, तबीयत कैसी है. मतलब, नहीं देगा!”

त्या दिवसापासून आम्ही तब्येतीची एकही चौकशी गाळलेली नाही.

*

एका तेलकंपनीच्या प्रतिनिधीची रोजनिशी होती. हा गृहस्थ रोज सकाळी शेखांच्या मजलिसीत जाई, कॉफी घेई आणि परत येऊन एकच ओळ लिही: ‘भेट झाली. विषय निघाला नाही.’ विद्या वाचत होती, दाऊदभाई ताडत होते. भेट झाली, विषय निघाला नाही. पाने उलटत गेली, ऋतू बदलला, आणि विषय काही निघेना.

शेवटी विद्याने फाईल मिटली. “चाचा, ह्याला मक्ता नाही मिळाला. कॉफीच मिळाली बगा!”

“हसू नको, बाय,” दाऊदभाई गंभीरपणे म्हणाले. “माझा इकामा, इथं राहायचा परवाना, करायला गेलो तवा तेवढीसुद्धा मिळाली नव्हती.”

*

आता माझ्या फजितीचा किस्सा. कागदावर जे आहे ते सर्व सूचीत आले पाहिजे, असा माझा दंडक. एका नकाशावर किनाऱ्यापासून थोडे दूर, एक फिकट, सुबक, लंबगोल आकृती होती. नाव नव्हते. मी सूचीत लिहिले: ‘अनामिक बेट’.

अबू नासर यांनी चष्मा वर केला. “मेरा बाप चालीस साल इधर से जहाज़ ले गया. उसको किसी ने बोला नहीं!”

विद्याने नकाशा उजेडात धरला. “सर, हा चहाचा डाग हाय.”

मी ती नोंद खोडली. पण मनात आले, इंग्रज साहेबाने खोडली असती का?

*

एका वादग्रस्त बेटावर दोन्ही पक्षांचे अधिकारी एकाच दिवशी चौकशीला गेले. बेटावर माणूस एकच: जाळे विणत बसलेला एक म्हातारा. त्याला विचारले, “तू कोणाची प्रजा?”

“ज्याचं पाणी पितो त्याची.”

“पाणी कोणाचं पितोस?”

“ज्याची होडी आधी येईल त्याचं.”

दोन्ही अधिकाऱ्यांचे अहवाल आमच्याकडे आहेत. म्हाताऱ्याची साक्ष आपल्याच बाजूची झाली, असे दोघांनीही समाधानाने नोंदवले आहे!

*

आणि हा दाऊदभाईंच्या शेवटच्या आठवड्यातला. एजंटाच्या कचेरीत ठेवलेली एक जुनी नक्कल होती; तीत शेखांनी हक्क सांगितलेल्या बेटांची यादी. विद्या वाचत होती. मध्येच अडखळली.

“इथं दोन ओळींच्या मधी एक नाव घुसवलंय. शाई येगळी हाय. अन् बाजूला...” ती उठून उभीच राहिली. “सर, मराठी लिवलंय!”

आम्ही सगळे वाकलो. इंग्रजी कागदाच्या समासात, स्वच्छ बाळबोध अक्षरांत: ‘नकलेत एक बेट राहिले होते. घातले. रुजू. इब्राहिम, मुक्काम दाभोळ.’

कुवेतातल्या मराठी मंडळींत हा प्रसंग आता फार सांगतात. दाऊदभाईंच्या आजोबांनी कुवेतचे एक बेट वाचवले, आणि नातू तो कागद उराशी धरून ढसाढसा रडला, असा. दोन्ही गोष्टी चूक. मूळ कागदात ते बेट होतेच. इब्राहिमने नक्कल तेवढी अस्सलबरहुकूम केली. आणि दाऊदभाई रडले नाहीत. त्यांनी विद्याला समासासकट ती ओळ पुन्हा वाचायला लावली. आमच्या नकलेवर बोट ठेवून एकेक अक्षर ताडले. मग सहीची जागा आली, तेव्हा पेन खाली ठेवले आणि कागद माझ्याकडे सरकवला.

“इथं सही तुम्ही करा, सर,” ते म्हणाले. “माझी चालायची नाय. मी घरचा माणूस.”