राखणीला बसलेला माणूस

आमच्या दिवेआगरात महाशिवरात्रीला वाडीत भांग घोटली जायची. माझे चुलते ती घोटायचे. पाट्यावर भांगेचा पाला, बडीशेप, मिरी आणि खसखस वाटून नारळाच्या दुधात गुळाबरोबर मिसळायची आणि देवाला दाखवून दुपारच्या आत प्यायची. दारूबंदीचे दिवस होते, पण शिवरात्रीचा प्रसाद म्हणून त्याकडे कोणी फारसं बघत नसे. पिणारे आठ-दहा जण असत. त्यातला एक मात्र कोरडा राही. पेला फिरवण्याआधी चुलते विचारायचे, "आज राखणीला कोण?" ज्याचं नाव निघे त्याने दिवसभर एक थेंब घ्यायचा नाही. कोणी विहिरीकडे जातोय का, कोणी समुद्राकडे निघालाय का, हे बघायचं. कोणाला भांग चढून भीती वाटली तर त्याच्यापाशी बसायचं. आणि त्या दिवशी जे कानांवर पडेल ते बाहेर न्यायचं नाही. राखणीतलं राखणीत, असं चुलते म्हणत. हा नियम सगळ्यांना ठाऊक होता. मलाही ठाऊक होता, हे आधीच सांगून टाकतो.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. मी ट्रेनिंग संपवून नुकताच प्राथमिक शाळेत मास्तर झालो होतो. त्या वर्षी राखण माझ्याकडे आली आणि मला ती आवडली नाही. इतके दिवस गावापासून लांब राहून आलेलो, चारचौघांत मोकळं बसावं असं वाटत होतं. त्यात उपास. सगळे हसताहेत आणि आपण ताक पीत खांबाला टेकून बसलोय, याचा मला राग आला होता.

माझा एक मित्र त्या दिवशी पहिल्यांदाच प्यायला. आम्ही चौथीपर्यंत एका बाकावर होतो. पुढे मी शिकलो आणि तो सुपारीवर चढायला लागला. त्याचे वडीलही तेच करायचे आणि एका पावसाळ्यात झाडावरून पडूनच गेले. पायांत काथ्याची दोरी अडकवून तो पोफळीवर सरसर जायचा. शेंड्याशी गेला की झाड झुलवायचा आणि खाली न उतरता शेजारचं झाड धरायचा. असा तो सकाळभर वरच्या वर हिंडायचा. परगावचे पाहुणे खाली माना वर करून बघत राहायचे. त्याच्यासारखा चढणारा आमच्या पट्टीत नव्हता.

नवखे करतात तीच चूक त्याने केली. एक पेला घेतला, अर्धा तास वाट पाहिली आणि म्हणाला, "काका, काय पन होत न्हाय. तुमच्या भांगेत नुसता गूळच हाय." चुलते विहिरीकडे गेलेले पाहून त्याने दुसरा पेला स्वतःच ओतून घेतला. रिकाम्या पोटी. मी पाहिलं. अडवायला हवं होतं. मी मनात म्हटलं, घे लेका, कळेल.

तासाभरात त्याला कळलं. तो मांडवाच्या खांबाला दोन्ही हातांनी मिठी मारून बसला. पाय आवळून घेतलेले, डोळे घट्ट मिटलेले.

"झाड वाढतंय," तो म्हणाला. "मास्तर, झाड वाढतंय! खाली घे मला."

"अरे, जमिनीवर बसलायस तू."

"न्हाय. लय उंच हाय."

मी शाळेत पोरांना समजावतो तसं समजावू लागलो. माती उचलून त्याच्या हातात दिली. "ही बघ माती. आहे की नाही? मग तू कुठे आहेस?" त्याने मातीची मूठ सोडली आणि ती पडताना असा किंचाळला की बाकीच्यांचं हसणं थांबलं. त्याच्या दृष्टीने ती माती साठ हात खाली गेली होती. मी त्याची बोटं खांबावरून सोडवू पाहिली. त्याने आणखी घट्ट धरलं, बोटांच्या पेरांतून रक्त यायला लागलं. मी वैतागलो. "मूर्खा, उघड डोळे!" असं ओरडलो. जितका मी खरं सांगत होतो तितका तो घाबरत होता. आणि मग तो त्याच्या मेलेल्या बापाशी बोलायला लागला.

"बाबा, मला नका चढवू. रोज भ्या वाटतं मला. रोज वाटतं, आज पडनार. आयला नका सांगू."

तेच तेच, पुन्हा पुन्हा. गावातला सगळ्यांत चांगला चढणारा रोज सकाळी भीत भीत झाडाला हात लावत होता, आणि हे जगात कोणाला माहीत नव्हतं.

चुलते आले. माझ्याकडे बघून म्हणाले, "गाढवा, वाद कसला घालतोस? तो झाडावर आहे ना?"

"नाही ना काका! तेच तर सांगतोय."

"तो आहे. तू खाली आहेस. तू वर जा आणि त्याला घेऊन उतर. तिथून ओरडू नको."

मला ते वेडेपणाचं वाटलं. पण दुसरं काही सुचत नव्हतं, म्हणून मी त्याच खांबाला पाय लावून त्याच्याशेजारी बसलो. म्हटलं, "मी पण आलोय वर. वारा आहे रे बराच." त्याने पहिल्यांदा डोळे किलकिले केले. "व्हय," म्हणाला. मग मी म्हटलं, "चल, उतरू. आधी पायांची दोरी जरा सैल कर. आता उजवा हात खाली घे. आता पाय सरकव." तो खरंच एक-एक वीत खाली सरकवल्यासारखे हातपाय हलवू लागला. मधेच थांबायचा, मग मीही थांबायचो. त्याला विचारायचो, खाली काय दिसतंय? विहिरीचा रहाट दिसला, म्हणायचा. मग वैरण दिसली. मग माझ्या चुलत्यांचं टक्कल दिसलं, आणि तो हसला. सपाट अंगणात बसून त्याला उतरवायला मला तासाहून जास्त वेळ लागला.

"टेकले पाय?"

"टेकले."

त्यानेच परत विचारलं, "उतरलो का मी?"

"उतरलास."

त्याने हात सोडले आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपला. चुलत्यांनी चिंचेचं पाणी आणून ठेवलं. मला वाटतं, माझ्या आयुष्यात मी धडपणे केलेलं हे एकच काम असेल.

पंधरा दिवसांनी शिमगा आला. आमच्याकडे शिमग्यात सोंगं निघतात आणि त्या दिवसांत कोणी कोणाची कशीही टिंगल केली तरी रागवायचं नाही, अशी रीत. त्या वर्षी वाघाचं सोंग घेणारा तापाने पडला. होळीपुढे माणसं जमलेली, ढोल थांबलेला. कोणीतरी ओरडलं, "मास्तर, काढा की सोंग! का शाळेत लागल्यापासून लाजता?"

मला गावात परत सामावून घ्यावं असं वाटत होतं, हे खरं. पण त्याहून खरं ते वेगळं. राखणीच्या त्या दिवशी मी जे केलं ते कोणीच नीट पाहिलं नव्हतं, सगळे आपापल्या भांगेत होते. मला ते दाखवायचं होतं. मी चुलीतली काजळी तोंडाला फासली, एका वाशाला मिठी मारली आणि सुरू केलं. "झाड वाढतंय! बाबा, मला नका चढवू! रोज भ्या वाटतं!" मग उडी मारून बाजूला यायचो आणि शहाणा मास्तर व्हायचो. लोक पोट धरून हसत होते. नाव मी घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती, त्याचा आवाज मला हुबेहूब जमला होता.

तो गर्दीत पुढेच उभा होता. तोही हसत होता. ते हसू मी अजून विसरलेलो नाही. टाळ्या वाजवत होता आणि इकडेतिकडे बघत होता, बाकीचे किती हसताहेत ते.

दुसऱ्या दिवसापासून तो झाडावर चढला की खालून कोणीतरी विचारायचं, "काय रे, वाढतंय का?" चेष्टाच ती. पंधरवडाभर त्यानेही वरून शिव्या देऊन उत्तरं दिली. मग एका सकाळी तो आमच्याच वाडीत अर्ध्या झाडावर थांबला. बराच वेळ तिथेच राहिला. खाली आला, पायांची दोरी काढून आमच्या ओटीवर ठेवली आणि चुलत्यांना म्हणाला, "काका, दुसरा कोन तरी बघा." आठवड्याच्या आत बोटीने मुंबईला गेला. तिथे सुपारीच्या वखारीत जमिनीवर बसून सुपारी निवडायचं काम करू लागला. त्याची आई इथे एकटी राहिली आणि तो परत यायच्या आधीच गेली.

चुलते मला फक्त एकदा बोलले. "तुला राखणीला बसवायला नको होतं त्या दिवशी. तुलाच प्यायला द्यायला हवी होती."

पुढची पंधरा वर्षं मी काय केलं ते लिहिताना माझाच मला संताप येतो. मुंबईला कामासाठी गेलो की वखारीत त्याला भेटायचो. तो चहा मागवायचा, शाळेची चौकशी करायचा. मी म्हणायचो, "ती शिवरात्र आठवते का रे तुला?" तो म्हणायचा, "छे! भांग प्यालेला मानूस, काय आठवनार." मी म्हणायचो, "आणि शिमगा?" तो म्हणायचा, "कुठला?" आणि पोऱ्याला चहाचे पेले उचलायला सांगायचा. मी चरफडत परत यायचो. वाटायचं, हा मला मुद्दाम बोलू देत नाही. बोटीत बसून मनातल्या मनात त्याच्याशी भांडायचो. पण आता दिसतं की मी दर वेळी त्याला विचारत होतो. सांगत काहीच नव्हतो.

दोन वर्षांपूर्वी तो गावाला परतला. देवळाच्या वाटेवर किराणा मालाचं छोटं दुकान टाकलं. यंदाच्या शिवरात्रीला आमच्या वाडीत आला. चुलते आता नाहीत, भांग त्यांचा मुलगा घोटतो. त्याने विचारलं, "राखणीला कोण?" आणि माझा मित्र म्हणाला, "मी बसतो."

मी एरवी भांग न घेणारा माणूस, त्या दिवशी दोन पेले प्यालो. मुद्दाम. मला वाटलं, चढली की तोंडातून निघेल. शुद्धीत जे जमत नाही ते असं तरी होईल.

चढली ती भलतीच. जीभ लाकडासारखी झाली. पोफळींचे शेंडे माझ्याकडे वाकून बघताहेत असं वाटायला लागलं. मग माझा हात गालाला लागला आणि तिथे काजळी लागली. मी पुसली, पुन्हा होती. मी विहिरीवर धावलो असणार, कारण पुढचं आठवतं ते हे की मी तोंड घासतोय, नारळाच्या सोडणाने घासतोय, आणि निघत नाही. तो माझ्या पाठीला एक हात लावून उभा होता. "निघत नाही रे," मी ओरडत होतो. "चेहराच काळा आहे!" त्याने एकदाही म्हटलं नाही की काळं काही नाही. "धू अजून," म्हणाला. "पानी लय हाय." आणि बादली ओढून ओढून देत राहिला. किती बादल्या, देव जाणे. पुढचं मला काही आठवत नाही.

जाग आली तेव्हा ऊन कलतं झालं होतं. मी चटईवर होतो, तो शेजारी बसून विडी ओढत होता. तोंडाची आग होत होती.

"मी काय बोललो?"

"पाढे म्हटलेस. सत्तावीसचा चुकलास."

"खरं सांग. तुझ्याबद्दल काही बोललो का?"

"राखनीतलं राखनीत, मास्तर."

मी उठून बसलो. "मग आता ऐक. त्या शिमग्याला—"

त्याने चिंचेच्या पाण्याचा पेला माझ्या हातात दिला. "हे पी. अजून उतरली न्हाय तुला. आज बोललास त्याला काय अर्थ? आज काय पन बोल, ते धरायचं नसतं. बोलायचं असंल तर कोरड्या तोंडानं ये." आणि उठताना म्हणाला, "खोबरेल लाव थोबाडाला. सोलून काढलंयस."

त्यानंतर मी चार वेळा त्याच्या दुकानात गेलो. एकदा काडेपेटी आणली, एकदा चहाची पूड, दोनदा पुन्हा काडेपेटी. दर वेळी कोणीतरी गिऱ्हाईक असायचं. खरं तर नेहमी नसायचं. घरात काडेपेट्यांची रास पाहून बायकोने विचारलं, विडी ओढायला लागलात की काय?

परवा शिमगा झाला. सोंगं निघाली, तो गर्दीत उभा राहून बघत होता. मला वाटलं, याने आज पुढे व्हावं आणि मी विहिरीवर तोंड घासत होतो त्याचं सोंग काढावं. म्हणजे फिटलं असतं. तो थोडा वेळ थांबला आणि घरी गेला.

काल सकाळी मी दुकानात गेलो. दोन बायका होत्या. मी त्या जायची वाट पाहिली नाही.

"अर्धा शेर गूळ दे," म्हटलं. तो गूळ फोडून तराजूत टाकू लागला, आणि मी म्हणालो, "तू भांगेत जे बोललास ते मी शिमग्यात सगळ्यांसमोर बोललो. तुझं सोंग काढलं. माझं चुकलं."

तो तराजूकडे बघत होता. काटा हलायचा थांबेपर्यंत त्याने मान वर केली नाही.

"व्हय," तो म्हणाला. "चुकलं."

सतरा वर्षांत पहिल्यांदाच त्याला आठवलं होतं. मी तिथेच उभा राहिलो. आणखी काहीतरी बोलेल, शिवी देईल, निदान जाऊ दे म्हणेल, असं मला वाटत होतं. त्याने गूळ कागदात बांधला, सुतळीला गाठ मारली आणि पुडी माझ्यापुढे सरकवली.

"अजून काय देऊ?"

"काही नाही," मी म्हणालो आणि बाजूला झालो, कारण मागे आणखी एक गिऱ्हाईक आलं होतं.