वैशाखात वर येणारा रस्ता

लग्न होऊन मी आकुर्डीला आले तेव्हा घरात आम्ही तिघंच होतो. मी, हे आणि सासूबाई. हे कंपनीत टर्नर होते. आमच्या भागातल्या कंपन्यांना सुट्टी गुरुवारची, त्यामुळे आमचा रविवार म्हणजे गुरुवार. ह्यांच्याकडे एक जुनी मोटरसायकल होती. सासूबाई तिला फटफटी म्हणायच्या आणि ती अंगणात उभी असली की तिच्यावर पापड वाळत घालायच्या.

दर गुरुवारी सकाळी भाकरी, चटणी, कांदा फडक्यात बांधायचा आणि निघायचं. मागे एका अंगाला बसायचं, पदर खोचायचा, एक हात ह्यांच्या खांद्यावर. कधी देहूला इंद्रायणीच्या घाटावर, कधी चाकणला बाजार बघायला, कधी खेडच्या पुढं. रस्ते तेव्हा एका गाडीपुरते होते. समोरून कांद्याची बैलगाडी आली की हे मोटरसायकल खाली धुळीत उतरवायचे, आणि गाडीवाला हात वर करून म्हणायचा, ''जाऊ द्या राव.'' मी नगरकडची, कोरड्या मुलखातली. एवढी हिरवळ आणि एवढ्या नद्या बघून मला आपण परदेशात आलोय असंच वाटायचं.

एक गोष्ट मात्र बऱ्याच दिवसांनी लक्षात आली. देहूरोडला आलं की आमची गाडी न चुकता उजवीकडे वळायची. सरळ कधीच गेली नाही.

''सरळ गेलं तर काय लागतं?'' मी एकदा विचारलं.

''सोमाटणे फाटा. मग मुंबई.''

''आणि फाट्यावरून आत?''

ह्यांनी गाडीचा वेग वाढवला. इंजिनाच्या आवाजात ऐकू गेलं नसेल असं मी तेव्हा धरून चालले.

उत्तर दिलं सासूबाईंनी. एका दुपारी आम्ही दोघी तांदूळ निवडत बसलो होतो. ह्यांचं गाव पवनेच्या धरणात गेलंय, एवढं मला ठाऊक होतं. त्या दिवशी त्या आपण होऊन बोलायला लागल्या.

''समदं आणलं गं आमी. घराचं वासं आणलं, दारं आणली, जातं आणलं, देव आणलं. धाकटी तेवढी ऱ्हायली.''

ह्यांची एक धाकटी बहीण होती. धरणाच्या आधी, तापानं गेली. एवढ्याशा लेकराला जाळत नाहीत, पुरतात. घरामागच्या उंबराखाली तिला ठेवली. पुरताना वर घालायच्या मिठाची पिशवी ह्यांनी धरली होती. ह्यांचंही तेव्हा मिसरूड फुटलेलं नव्हतं. पुढं गाव उठलं, बैलगाड्या भरल्या, आणि मग पाणी चढलं.

''दर पावसाळ्याला वाटतं,'' सासूबाई सुपातून नजर न काढता म्हणाल्या, ''आता तिच्या अंगावर किती पाणी आसंल?''

तेव्हा मला कळलं, धरण भरल्याची बातमी आली की त्या दिवसभर जेवत का नाहीत.

त्याच्या पुढच्या वर्षी पाऊस कमी झाला. उन्हाळ्यात गावचे एक नातेवाईक भेटायला आले. ते आता दुसरीकडे राहत होते. चहा पिताना सहज म्हणाले, ''यंदा पाणी लई हटलंय. जुना रस्ता उघडा पडलाय. देवळाचा चौथरासुदिक दिसतोय.''

सासूबाईंनी हातातला कप खाली ठेवला. लेकाकडे बघून म्हणाल्या, ''मला न्हेशील का?''

हे उठले आणि बाहेर जाऊन मोटरसायकल धुवायला लागले. स्वच्छच होती ती.

काही दिवस ह्यांनी तो विषय काढला नाही. मग एका संध्याकाळी घरी आले ते वेगळाच खडखडाट करत. गाडीच्या बाजूला एक चाकाची पेटीवजा गाडी जोडलेली होती. पिंपरीच्या गॅरेजमधल्या मुसलमान मिस्त्रींनी देहूरोडच्या लष्करी भंगारातून आणलेली साइडकार होती ती. तिच्यावरचा लष्करी हिरवा रंग अजून पुरता गेला नव्हता. मिस्त्रींनी आत नवी गादी घातली होती आणि ह्यांना सांगितलं होतं, ''अम्मा को बोलो, डरना नहीं. पालखी है समझो.''

वैशाखातल्या गुरुवारी सकाळी आम्ही निघालो. सासूबाई साइडकारमध्ये, डोक्यावरून पदर घट्ट आवळलेला, दोन्ही हातांनी कड धरलेली, मांडीवर फडक्यात बांधलेली भाकरी आणि गूळ. देहूरोडला गाडी पहिल्यांदा सरळ गेली. सोमाटणे फाट्यावरून आत वळल्यावर आंब्यांची सावली लागली, रस्त्याकडेला बायका पानांच्या द्रोणांतून करवंदं विकत होत्या. पुढं तिकोना किल्ला दिसला, मग तुंग. मग एका वळणावर पाणी दिसलं, आणि ह्यांच्या खांद्यावर ठेवलेल्या माझ्या हाताला त्यांचा खांदा एकदम ताठ झालेला जाणवला.

एका जागी रस्ता खाली उतरत होता. पूर्वी तिथंच पाणी सुरू व्हायचं. आज रस्ता तसाच पुढं गेला होता, गाळाखालून. दोन्ही बाजूंना ओळीनं लावलेले दगड होते. ओढ्यावरची मोरी धड होती. झाडं उभ्याउभ्या काळी पडली होती, त्यांना एक पान नव्हतं. गाळाला भेगा पडलेल्या, आणि त्यावरून चाक गेलं की शिंपल्या फुटल्याचा आवाज यायचा. वास सगळीकडे मासळीचा आणि ओल्या मातीचा.

सासूबाई हळूहळू सरळ बसल्या. कड सोडली. एक हात बाहेर काढून दाखवायला लागल्या.

''ह्यो पार. हे कुंभाराचं. हळू घे रं, हितं कोंबड्या आडव्या येत्यात.''

हे खरोखर हळू झाले. मला समोर फक्त माती दिसत होती. एका ठिकाणी त्यांनी कपाळाला हात लावला. ते देऊळ असणार. आणखी एका ठिकाणी मान हलवून म्हणाल्या, ''व्हय, आले. बरी हायेस ना?'' मी तिकडं बघितलं. दारासमोरची दगडी पायरी होती फक्त, पायरीमागं काहीच नव्हतं. भर उन्हात माझ्या अंगावर काटा आला.

आमच्या घराचा चौथरा शिल्लक होता. मागं उंबराचं खोड, कमरेएवढं. सासूबाई तिथं जाऊन बसल्या आणि जमिनीवर तळहात ठेवला. वरचा पापुद्रा वाळला होता. त्यांनी तो बोटांनी उचकटला. खाली ओल होती.

''गार हाय गं,'' त्या मला म्हणाल्या. ''तापानं नुसती भाजत व्हती. पाणी दे म्हणायची. वैद्य म्हणला, तापात पाणी दिऊ नगा. मी न्हाई दिलं. आन् आता बघ, द्येवानं किती दिलं.''

हे पाण्याच्या कडेला जाऊन आमच्याकडे पाठ करून उभे होते.

सासूबाईंनी भाकरीवर गूळ ठेवून तुकडा तिथं ठेवला. बराच वेळ बसल्या. मग झोपलेल्या लेकराला हलवताना बोलतात तशा आवाजात म्हणाल्या, ''चल गं बाय. लई निजलीस.''

त्या उठल्या आणि परत साइडकारकडे आल्या. आत बसल्या त्या मात्र अगदी एका कडेला, बाजूला जागा सोडून.

''आई, मधी बस नीट,'' हे म्हणाले. ''तोल जाईल गाडीचा.''

''बसलीया नीट. चालव तू.''

ह्यांनी त्या मोकळ्या जागेकडे बघितलं. मग किक मारली. परतीचा सगळा रस्ता त्यांनी इतका सावकाश कापला की सायकलवाले पुढं जात होते.

सोमाटण्याला चहाला थांबलो. सासूबाई उतरल्या नाहीत. ''मी न्हाई उतरत. निजलीय ती,'' एवढंच म्हणाल्या. त्यांनी पदराचं टोक मांडीवरून बाजूला ओढून धरलं होतं, ऊन लागू नये म्हणून. मी चहाचा ग्लास घेऊन शेजारी उभी होते. तिथं गादीशिवाय काही नव्हतं, हे मला दिसत होतं. तरी माझी सावली त्या जागेवर पडावी म्हणून मी थोडी सरकून उभी राहिले.

त्या दिवसापासून सासूबाई चटईच्या कडेला निजायला लागल्या. पावसाळ्यात धरण भरल्याची बातमी आली, तेव्हा त्यांनी ऐकली आणि दोन भाकरी खाल्ल्या. त्यांच्या गालांवर मांस चढलं. दुपारी मी आतल्या खोलीत शिवत बसले की त्यांचं हलक्या आवाजातलं बोलणं ऐकू यायचं. मी मुद्दाम मशीन थांबवून कधी ऐकलं नाही. हिंमतच झाली नाही. पण पाणी प्यायला उठताना उंबऱ्यावर मी आधी खाली बघायची, कुणाच्या अंगावर पाय पडू नये म्हणून.

ह्यांना ते सोसेना. एकदा जेवता जेवता म्हणाले, ''आई, ती तिथंच हाय. मी माझ्या हातानं मीठ टाकलंय.''

''टाकलंस. मी कुठं न्हाई म्हणती?''

''मग?''

''मग काय? आणली.''

ताटावरून उठले ते. त्यावर मायलेकांत पुन्हा कधी बोलणं झालं नाही.

पुढच्या वर्षांत पाणी उतरलं की ह्यांनी आईला विचारावं, ''जायचं का?'' आणि सासूबाईंनी म्हणावं, ''कशाला? तिथं आता आपलं कोण हाय?'' मग हे एकटेच जायचे. एकदा मी हट्टानं बरोबर गेले. तिथं पोचल्यावर ते चौथऱ्याच्या पायऱ्यांवरचा गाळ हातानं काढत राहिले. महिन्याभरात पाणी पुन्हा चढणार हे त्यांना ठाऊक होतं.

''आई म्हणतात, ती घरी आहे,'' मी म्हणाले.

''आसंल. मला घरात कधी दिसली न्हाई. हितं दिसती.''

सासूबाई गेल्या त्या साली पाऊस भरपूर झाला होता. नातेवाइकांनी रक्षा देहूला इंद्रायणीत सोडली. ह्यांनी त्यातली थोडी बाजूला काढून ठेवली होती. गुरुवारी आम्ही दोघं निघालो. धरण काठोकाठ होतं. रस्ता उतारावरून खाली यायचा आणि सरळ पाण्यात शिरायचा. आता पुढचं काहीच दिसत नव्हतं, झाडांचे शेंडेसुद्धा नाहीत. हे चपला काढून गुडघाभर पाण्यात गेले, रस्त्याच्या मधोमध, आणि हात मोकळे केले. थोडा वेळ वाकून उभे राहिले. मग म्हणाले, ''जा आता दोघी घरी.''

ते मोठ्यानं म्हणाले, पलीकडच्या काठावर कुणाला सांगावं तसं.

मी मागं रस्त्यावर उभी होते. मला आठवलं, निघताना मी दाराला कुलूप लावून आले होते. धाकटीला आणल्यापासून इतक्या वर्षांत पहिल्यांदा, कारण आत आता कुणीच नव्हतं.