आईला पाठ असलेली वचनं

माझी आई बायबलबाई होती. आमच्या ख्रिस्ती मंडळीत पूर्वी अशा बाया असत, आता कोणी उरली नाही. पिशवीत पवित्र शास्त्र, तापाच्या गोळ्या आणि दुपारच्या भाकरी घेऊन ती यवतमाळहून राळेगावच्या बसनं निघायची, फाट्यावर उतरायची आणि पायी गावात शिरायची. कुठे बाळंतीण असे, कुठे तापानं फणफणलेलं लेकरू, कुठे नुकताच नवरा गेलेली बाई. आई त्यांच्यापाशी बसायची. उपदेश फारसा करत नसे. त्यांचं सगळं ऐकून घ्यायची आणि उठता उठता एखादं वचन म्हणायची. त्यासाठी तिला शास्त्र उघडावं लागत नसे. शेकडो वचनं तिला तोंडपाठ होती.

त्यातलं एक तिचं फार आवडतं. माणूस म्हातारा झाला, त्याचे केस पांढरे झाले, तरी देव त्याला वाहून नेतो, अशा अर्थाचं. लहानपणी मी एकदा तिला विचारलं होतं, "हे खरंच होते का व आई?"

"देवाचा शब्द हाये तो," ती म्हणाली. "माणसाचा नाही, बदलाले."

वडील गेल्यावर ती आमच्याकडे राहायला आली. तेव्हा तिचे केस पूर्ण पांढरे झाले होते. मंडळीत कोणाकडे दुःख झालं की अजूनही लोक तिलाच बोलवत. अशाच एका घरी मी तिच्यासोबत गेले होते. तरुण मुलगा अपघातात गेला होता. त्याच्या आईचा हात हातात घेऊन आईनं वचन सुरू केलं आणि मधेच थांबली. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, पुन्हा तिथंच अडली. ती बाई रडायची थांबून तिच्या तोंडाकडे पाहत होती. शेवटी मी पुढचे शब्द म्हटले. आम्ही ऑटोनं घरी आलो. दारात चपला काढताना आई म्हणाली, "मले ते आठवलंच नाही व."

डॉक्टरांनी डोक्याचा फोटो काढायला लावला. मेंदू आकसत चाललाय म्हणाले, आणि यापुढे काय काय होईल ते नीट समजावून सांगितलं. त्यांनी सांगितलं तसंच होत गेलं. आधी शब्द गेले, मग माणसं गेली. माझ्या नवऱ्याला ती "भाऊ, तुम्ही कोणाचे?" असं विचारू लागली. हे सगळं मी सोसलं असतं. पण आईचा देव गेला, ते मला सोसवलं नाही.

मला वाटलं होतं, बाकी सगळं गेलं तरी तेवढं राहील. आमच्या मंडळीतले सगळे तसंच म्हणत. लहानपणचं पाठांतर शेवटपर्यंत टिकतं, असं म्हणत. म्हणून रोज आंघोळ घातल्यावर केस विंचरताना मी तिला तिचीच वचनं म्हणून दाखवायची. सुरुवातीला ती ओठ हलवायची. मग नुसती ऐकायची. एक दिवस माझा हात धरून म्हणाली, "हे तू कोणाले सांगून राह्यली?"

"तुले. देवानं तुले सांगतलं हाये हे."

"मले नाही सांगतलं कोणी," ती म्हणाली. "मले तं सारे टाकून गेले."

त्यानंतर तिची भीती सुरू झाली. दुपार कलली की ती दाराची चौकट घट्ट धरून उभी राहायची. कशाची भीती वाटते, तिला सांगता यायचं नाही. "मी एकटी हावो," एवढंच. मी पाठीमागून तिला मिठी मारून उभी असायची, तरी तेच म्हणायची.

चर्चचे पाळकसाहेब भेटायला यायचे. भले माणूस. एकदा चहा घेताना मला म्हणाले, "मावशी त्याला विसरल्या, तरी तो त्यांना विसरलेला नाही. वचन त्यानं दिलंय, निभवायचंही त्यालाच आहे."

मी म्हटलं, "साहेब, तो उचलून नेतोय तर तिला एवढं भ्याव का वाटतं? लेकराला कडेवर घेतलं की ते रडायचं थांबतं."

त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "मला माहीत नाही, बाई." त्यांनी मान खाली घालून प्रार्थना केली. मीही डोळे मिटले, पण मनात काही आलं नाही.

एका सकाळी मी शाळेत शिकवायला गेले असताना आई घरातून निघून गेली. नवरा मागे कपडे वाळत घालत होता, त्याला कळलंच नाही. आम्ही चर्च, दवाखाना, बाजार सगळं पालथं घातलं. दुपारी एक फोन आला. तिच्या पदराच्या टोकाला मी आमचा नंबर दोऱ्यानं भरून ठेवला होता, तो पाहून राळेगावकडच्या एका गावातल्या एका घरच्या सुनेनं केला होता. आई एस. टी. स्टँडवर जाऊन बरोबर राळेगावच्या बसमध्ये बसली होती. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना भाडं नाही, त्यामुळे कंडक्टरनं अडवलं नाही. फाट्यावर उतरून ती पायी त्या गावात गेली होती.

आम्ही पोचलो तेव्हा ती एका घराच्या ओट्यावर बसली होती. शेजारी त्या सुनेची सासू, आईच्याच वयाची. बौद्ध घर होतं, आत भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती. ती म्हातारी कधी ख्रिस्ती झाली नव्हती, पण तिचा नवरा गेला तेव्हा आई पंधरवडाभर रोज तिच्याकडे यायची, असं तिनं मला सांगितलं.

"आल्या आल्या मले पुसलं बाईनं," ती हळू आवाजात म्हणाली, "का माहा देव तुह्या घरी राह्यला काय व. मले वाटलं, पुस्तक विसरलं असन. मी म्हटलं, नाही बाई, कोणतं पुस्तक? तं म्हणे, पुस्तक नाही, देव."

मग ती आईकडे वळली. "बाई, तुम्हीच तं मले सांगे ना, का तो हात सोडत नाही म्हणून. मी तं तुमच्या त्या शब्दावर उठून बसली होती तवा."

आईनं तिच्याकडे पाहिलं. "कोण तो?" तिनं विचारलं.

म्हातारीनं आईचा गुडघा दाबून धरला. मी ओट्याच्या पायरीवर बसले.

नाताळ तोंडावर असताना आई गेली. शांतपणे गेली असं मी लोकांना सांगते, कारण त्यांना तेच ऐकायचं असतं. ती शांतपणे गेली नाही. शेवटचे दोन दिवस ती स्वतःच्या आईला हाका मारत होती, देवाला नाही. कबरस्तानात पाळकसाहेबांनी तिचं आवडतं वचन वाचलं. सगळे आमेन म्हणाले. मी नुसती मूठभर माती टाकली.

अजून मी रविवारी उपासनेला जाते. घरात संध्याकाळी नवरा प्रार्थना करतो, मी शेजारी बसते आणि शेवटी आमेन म्हणते. ते त्याच्या शब्दांना असतं. माझे स्वतःचे शब्द अजून आलेले नाहीत. येतील का, हेही मला सांगता येत नाही.