बिनपावसाची वीज

रोहिणखेडच्या डोंगरावर उन्हाळाभर वणव्याची राखण करणाऱ्या झुंबरबाईचा माणसांवर फारसा भरवसा नव्हता. सहा उन्हाळ्यांत तिनं अकरा आगी विझवल्या, आणि प्रत्येक आगीमागं माणूसच निघाला. कुणी तेंदूला नवी पालवी यावी म्हणून पेटवलेलं, कुणी नुसती बिडी फेकलेली. वाटेत कुणी भेटलं की ती आधी त्याच्या खिशाकडं बघायची.

उकंडरावावर तर तिचा डोळाच होता. म्हातारा शेळ्या घेऊन रोज डोंगर चढायचा, आणि बिडीशिवाय त्याचं पाऊल पडत नसे.

मे महिन्यातल्या त्या दुपारी आभाळ भरून आलं, जोरात कडाडलं, पण थेंब काही पडला नाही. थोड्याच वेळात पठारावर धूर दिसला. ‘हा त्याचाच उद्योग,’ असं मनाशी म्हणत तिनं वनरक्षक अश्विनीला फोन लावला आणि चढण धरली.

वर उकंडराव पळसाच्या डहाळीनं आग झोडपत होता.

"माह्याआधी तुमी इथं कसे काय?"

"म्या लावली असती, तं विझवली असती काऊन?" तो धापा टाकत म्हणाला. "वीज पडली, बाई. माह्या तीन शेळ्या गेल्या."

"वीज पडली, मंग पाणी कुठं हाय?"

तो पुन्हा डहाळी चालवू लागला. तेवढ्यात वादळी वारा सुटला आणि ज्वाळा त्यांच्याकडं वळल्या. मागं वाळलेलं गवत, त्यापुढं कडा. पळायला वाट नव्हती.

"काडेपेटी द्या. मागचं गवत आपणच जाळू अन् त्या काळ्या जागेत उभं राहू."

उकंडरावानं खिसा घट्ट धरला. "अन् उद्या आग माह्याच नावावर टाकशीन?"

"जित्ते राह्यलो तं पाहू ना!"

त्यानं पेटी दिली. गवत भडकत कड्यापर्यंत गेलं. गरम राखेत दोघं तोंडाला पदर-पटका लावून बसले. वणवा दोन्ही बाजूंनी निघून गेला.

अश्विनी मजूर घेऊन पोचली, तोवर आग कड्याशी थंडावली होती. तिनं उकंडरावाकडं पाहत विचारलं, "कोणी लावली?"

"थांबा मॅडम," झुंबरबाई म्हणाली, आणि स्वतः बघायला गेली.

सालईचं झाड शेंड्यापासून बुडापर्यंत चिरलं होतं. साल लांबवर उडालेली. खाली तीन शेळ्या पडल्या होत्या, अंगावर आगीची खूण नाही. आग तिथूनच पुढं सरकली होती. तिनं चिरेत बोट घालून पाहिलं.

"वीजच हाय. तसंच लिहा."

"पाऊस नसताना?"

"मी बी हेच म्हणत होती."

उकंडराव शेळ्यांपाशी जाऊन बसला. झुंबरबाई शेजारी टेकली.

"म्या तुमच्यावरच संशय घेतला होता."

"मले मालूम हाय," तो तिच्याकडं न पाहता म्हणाला.

तो उठेना, तेव्हा ती पांगलेल्या शेळ्या गोळा करायला निघाली.