उंबऱ्याबाहेरची वाटी

कौसल्यामावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी सदर भागातल्या शिवणाच्या दुकानात काजं-बटणं करत होते. "ताई, माय..." एवढंच बोलून तिचा मुलगा थांबला. त्या फोनला आता काही आठवडे झाले. मी सातवीत शाळा सोडलेली; पेपरात पहिल्यांदाच लिहितेय, शब्द चुकले तर सांभाळून घ्या. पण मी आज लिहायला जिवंत आहे, ती तिच्यामुळे.

माझं माहेर सांगोल्याकडचं. लग्न होऊन हिंगण्याच्या खोलीत आले तेव्हा इथं माझं कुणी नव्हतं. नवरा कारखान्यात. ड्यूटीला जाताना बाहेरून कडी घालायचा, आल्यावर पट्टा काढायचा. भाजीत मीठ कमी, मीठ जास्त, कारण काहीही. सुरुवातीला मी ओरडले, दारावर धडका दिल्या. एकदा पळाले, तर केस धरून फरपटत आणलं आणि डोकं ओट्यावर आपटलं. डाव्या कानानं अजून नीट ऐकू येत नाही. मग मी ओरडायचं सोडलं. पुढं त्यानं कडी घालायचंही सोडलं. गरजच उरली नव्हती.

मावशी शेजारीण. घराणं विणकरांचं, पण माग विकून ती जेवणाचे डबे करायची. एका दुपारी तिनं माझं दार ढकललं. "उघडंच त आहे वं. काहून बसून राहिली?"

"जाऊन काय होणार, मावशी?"

तिनं हात धरून ओढलं नाही, उपदेश केला नाही. दुसऱ्या दिवसापासून भाजीची वाटी माझ्या उंबऱ्याबाहेर ठेवायला लागली. आत आणून देईना. पहिली वाटी कुत्र्यानं चाटली. "कुत्र्याले आवडली," ती तिकडून म्हणाली, "तुह्या गावाकडं बायकाईले पाय नसतात का वं?" मला हसू आलं... फाटलेला ओठ पुन्हा उलला. दुसऱ्या वाटीला मी हात बाहेर काढला. मग वाटी पायरीवर गेली, नळापाशी गेली, शेवटी तिच्या दाराशी. रिकामी वाटी परत करू नये, म्हणून एकदा मी तिच्यात साखर भरून नेली. लग्नानंतर माझ्या मनानं केलेली ती पहिली गोष्ट.

त्या संध्याकाळी नवऱ्यानं डबा उघडला. "साखर कुठं गेली?" पट्ट्याचं बक्कल भुवईवर बसलं, डोळे रक्तानं भरले. दिसत काही नव्हतं, पण पाय चालू लागले... उंबरा, पायरी, नळ, मावशीचं दार. तो लोखंडी रॉड घेऊन मागं आला. मला आत ढकलून मावशी दारात आडवी झाली. रॉड तिच्या मनगटावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. ती खाली बसली, पण दारातून हटली नाही. "मार गा अजून," ती म्हणाली, "पोरगी त बाहेर निघाली." तोवर गल्ली जमली, कुणीतरी पोलीस बोलावले. त्या खोलीत मी परत गेले नाही.

मनगट वाकडंच जुळलं. दुखतं का विचारलं की म्हणायची, "पाऊस येनार असला का आधी मले सांगते. कामाचं आहे."

शेवटच्या भेटीत तिनं पाटवडीचा रस्सा दिला, त्याच वाटीत. तेरवीला मी ती साखरेनं भरून नेली, पण तिच्या मुलाच्या हातात देववली नाही. आता ती माझ्या दाराजवळच्या फळीवर असते. कामाला निघताना तिला हात लावते, उंबरा ओलांडते, आणि बाहेरून कडी घालते. मीच.